गुरांच्या चराईतून जपला जाणारा निसर्ग: बरेन, भरतपूर आणि गोव्याची पडीक शेते

गुरे चरली की रान उजाड होते, हा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. म्हणूनच एखादा भूभाग राखायचे ठरले की सर्वप्रथम त्याला कुंपण पडते आणि गुरांची वाट बंद होते. अतिचराईने जमीन उघडी पडते, माती वाहून जाते आणि कोवळी रोपटी तग धरत नाहीत, हे निर्विवाद आहे. परंतु अनेक मोकळी माळराने, पाणथळ जागा आणि शेताच्या कडेची कुरणे ही शतकानुशतकांच्या चराईतूनच घडली आहेत. अशा ठिकाणची गुरे हटवली, तर काही वर्षांतच तेथील फुले, कीटक आणि पक्षी घटू लागतात. गुरांची संख्या, चराईचा हंगाम आणि जमिनीच्या विश्रांतीचा काळ ठरवून शेतजमिनीवरील वन्यजीवांचा अधिवास राखण्याच्या पद्धतीला संवर्धनात्मक चराई असे म्हणतात. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे कुरणे व पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले, त्यामागेही हाच विचार आहे. गावोगावची शेते पडीक राहत असताना आणि गुरे रस्त्यावर बसलेली दिसत असताना गोव्यालाही हा विषय परका नाही.

चराईने नेमके काय घडते?

गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेचा वेढा घालून गवताचा झुबका ओढते, त्यामुळे जमिनीवर थोड्या उंचीचे खुंट शिल्लक राहतात. मेंढी पातळ ओठांनी निवडून, अगदी जमिनीलगत खाते. शेळीला गवतापेक्षा झुडपांचा पाला अधिक आवडतो. म्हैस चिखलात आणि उथळ पाण्यात उतरून तेथील गवत खाते. त्यामुळे कोणते जनावर चरते, यावर त्या जागेचे रूप अवलंबून असते.

चराई थांबली की उंच आणि जोमदार गवते प्रथम माजतात. त्यांच्या सावलीत लहान फुलझाडांना ऊन मिळत नाही. वाळलेल्या गवताचा थर जमिनीवर साचतो आणि बियांना मातीपर्यंत पोचता येत नाही. पुढे झुडपे येतात आणि मोकळ्या जागेवर अवलंबून असलेले जीव निघून जातात. गुरे हे चक्र अडवतात. ती सर्वत्र सारखे खात नाहीत. एखादा तुकडा आखूड होतो, शेजारचा उंच राहतो, खुरांमुळे कोठे उघड्या मातीचे ठिपके तयार होतात. अशा विविधतेत टिटवीला अंडी घालण्यास मोकळी जमीन मिळते आणि उंच गवतात लपणाऱ्या पक्ष्यांनाही आसरा मिळतो.

शेणाचे महत्त्वही तितकेच आहे. एका पोवावर शेणकिडे, माश्या आणि त्यांच्या अळ्यांचे स्वतंत्र जग उभे राहते. शेणकिडे शेण जमिनीत नेतात, माती भुसभुशीत करतात आणि पक्ष्यांचे खाद्यही ठरतात. चरणाऱ्या गुरांच्या मागे फिरणारे गायबगळे, मैना आणि कोतवाल हे दृश्य शेतकऱ्याला नवे नाही. गुरांच्या पायांमुळे उडणारे टोळ आणि नाकतोडे हे पक्षी टिपत असतात.

मुळात ही भूमिका एकेकाळी रानटी बैल, हरणे आणि अन्य तृणभक्षी प्राणी बजावत होते. शेती वाढली तसे ते प्राणी शेतशिवारातून मागे हटले. माणसाने पाळलेल्या जनावरांनी ती जागा अंशतः भरून काढली.

बरेनची हिवाळी चराई

या पद्धतीचे सर्वांत चांगले अभ्यासलेले उदाहरण आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत, मुख्यतः क्लेअर परगण्यात, आढळते. बरेन हा चुनखडकाचा उघडा प्रदेश आहे. आयरिश भाषेत या नावाचा अर्थच खडकाळ जागा असा होतो. दुरून राखाडी आणि ओसाड दिसणाऱ्या या टेकड्यांवर, खडकांच्या भेगांमध्ये आणि पातळ मातीत, आयर्लंडच्या मूळ वनस्पतींपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक प्रजाती सापडतात. एरवी आल्प्स पर्वतात आढळणारी गडद निळी जेन्शियन, उत्तर ध्रुवालगतची पांढरी ड्रायास आणि भूमध्य सागराच्या परिसरातील ऑर्किड येथे एकाच कुरणात फुलतात.

हे वैभव माणसापासून दूर राहिल्यामुळे टिकलेले नाही. बरेनमध्ये सुमारे सहा हजार वर्षांपासून शेती आणि पशुपालन चालत आले आहे. तेथील रीत मात्र इतर डोंगराळ प्रदेशांच्या उलटी आहे. युरोपात सामान्यतः उन्हाळ्यात गुरे डोंगरावर नेली जातात आणि हिवाळ्यात खाली आणली जातात. बरेनमधील शेतकरी शरद ऋतूत गुरे टेकड्यांवर चढवतात आणि वसंताच्या अखेरीस उतरवतात. चुनखडक उन्हाळ्यातील उष्णता साठवून ठेवतो, पाणी लगेच जिरत असल्याने गुरांना बसायला कोरडी जागा मिळते आणि अटलांटिक महासागरामुळे हिवाळा फारसा कडक नसतो.

याचा लाभ फुलांना होतो. गुरे हिवाळाभर जुने गवत आणि वाळका पाला खाऊन टाकतात. वसंतात ती खाली गेली की मोकळ्या झालेल्या जमिनीवर फुलझाडांना ऊन मिळते. त्यांना फुलायला आणि बी धरायला पूर्ण उन्हाळा मिळतो, कारण त्या काळात वर खाणारे कोणी नसते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही घडी विस्कटली. तरुण पिढी शेतीबाहेरच्या नोकऱ्यांकडे वळली. भारी वजनाच्या नव्या जातीची गुरे आली आणि त्यांच्यासाठी गोठे बांधले गेले. गुरे डोंगरावर चारण्याऐवजी त्यांना मुरघास घालणे सोपे झाले. जी गुरे टेकडीवर जात, तीही मुरघासाच्या जागीच घोळका करून उभी राहत. तेवढी जागा चिखलाने आणि शेणाने खराब होई, भूजल दूषित होण्याचा धोका निर्माण होई आणि उरलेली टेकडी चराईविना राही. तेथे हॅझेल आणि काटेरी झुडपे वेगाने पसरू लागली. संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या कुरणांतच फुले झुडपांखाली जाऊ लागली. केवळ काय करू नये याची यादी शेतकऱ्याच्या हाती देऊन निसर्ग टिकत नाही, हे तेथे स्पष्ट झाले.

फुलांच्या कुरणाला मोबदला

ब्रेंडन डनफर्ड या संशोधकाने बरेनमधील शेती आणि निसर्ग यांच्या संबंधांचा अभ्यास केला. त्या पायावर २००५ ते २०१० या काळात युरोपीय संघाच्या साहाय्याने बरेनलाइफ हा प्रकल्प २० शेतांवर राबवण्यात आला. मुरघासाऐवजी अल्प प्रमाणात सकस खुराक देणे, टेकडीवर पाण्याची सोय करणे, पडलेल्या दगडी भिंती पुन्हा उभारणे, गुरे नेण्यासाठी वाटा मोकळ्या करणे आणि माजलेली झुडपे छाटणे, असे साधे उपाय करण्यात आले. गुरे पुन्हा सगळ्या टेकडीवर पसरून चरू लागली.

२०१० नंतर हा प्रयोग शासकीय योजनेत रूपांतरित झाला आणि पुढे काही शेकडो शेतकरी त्यात सामील झाले. या योजनेचे वैशिष्ट्य तिच्या मोबदल्याच्या पद्धतीत आहे. प्रत्येक कुरणाची दरवर्षी पाहणी होते आणि त्याला १ ते १० यांपैकी गुण मिळतात. चराई योग्य झाली आहे का, जुन्या गवताचा थर किती आहे, पाण्याजवळची जमीन खराब झाली आहे का, झुडपे किती पसरली आहेत, अशा गोष्टी तपासल्या जातात. गुण जितके अधिक, तितका मोबदला अधिक. फारच कमी गुण असलेल्या कुरणाला काहीच मिळत नाही. गुण कसे वाढवायचे हे शेतकऱ्याने आपल्या अनुभवाने ठरवायचे असते. त्यामुळे दूध आणि मांसाप्रमाणेच फुलांचे कुरण हेही शेतीचे उत्पादन ठरले. गुरे डोंगरावर नेण्याच्या दिवसांत तेथे दरवर्षी लोकोत्सवही भरतो.

भरतपूरची चराईबंदी

भारतात याच प्रश्नाची दुसरी बाजू राजस्थानातील भरतपूर येथे दिसून आली. केवलादेव घना हे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे पाणथळ क्षेत्र माणसाने बांध घालून घडवलेले आहे. भरतपूरच्या संस्थानिकांचे ते बदकांच्या शिकारीचे राखीव ठिकाण होते. आजूबाजूच्या गावांची गुरे आणि म्हशी तेथे पिढ्यान् पिढ्या चरत होत्या. १९८१ मध्ये या क्षेत्राचा समावेश रामसर यादीत झाला आणि १९८२ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास कायद्याने मनाई असल्याने त्याच वर्षी चराई बंद करण्यात आली. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मृत्युमुखी पडली.

गुरे गेल्यावर पक्षी वाढतील, अशी अपेक्षा होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० च्या दशकात तेथे दीर्घकाळ केलेल्या अभ्यासातून मात्र वेगळेच चित्र पुढे आले. म्हशी खात असलेले पास्पॅलम नावाचे गवत बंदीनंतर प्रचंड वाढले. त्याने उथळ पाण्याचा पृष्ठभाग व्यापून टाकला. बदकांना पोहायला आणि खाद्य शोधायला मोकळे पाणी उरले नाही, माशांनाही अडथळा झाला. त्या पाणथळीचा समतोल राखण्यात म्हशींचा वाटा होता, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. पुढे गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची मुभा देण्यात आली. परंतु पाण्यात उतरून चरणाऱ्या म्हशीचे काम विळ्याने पुरतेपणी होत नाही.

भरतपूरच्या सर्वच अडचणींचे मूळ चराईबंदीत शोधणे योग्य ठरणार नाही. पाण्याची टंचाई हे तेथील मोठे संकट राहिले आहे. तरीही आधी अभ्यास आणि मग बंदी हा क्रम पाळला असता, तर पक्ष्यांचे आणि माणसांचेही नुकसान टळले असते, हा धडा देशभरातील संरक्षित क्षेत्रांसाठी महत्त्वाचा ठरला.

साताऱ्याजवळील कासच्या पठारावरही अशाच स्वरूपाची चर्चा झाली. पर्यटकांच्या गर्दीपासून फुलांचे रक्षण करण्यासाठी तेथे कुंपण घालण्यात आले. त्यासोबत गुरांची चराईही थांबली. त्यामुळे उंच गवत वाढून लहान फुलझाडे मागे पडत आहेत, अशी मांडणी स्थानिकांनी आणि काही अभ्यासकांनी केली.

गोव्याची खाजने, पडीक शेते आणि सडे

गोव्याचा शेतशिवार खाजन, खेर आणि मोरड अशा जमिनींत विभागलेला आहे. खाजन जमीन ही मुळात खाडीलगतची दलदल. बांध घालून आणि मानशीने भरती-ओहोटीचे पाणी आवरून पूर्वजांनी ती लागवडीखाली आणली. पावसाळी भात कापून झाले की शेतात खुंट आणि पेंढा उरतो. त्या मोकळ्या शेतांत गुरे सोडण्याची रीत सर्वत्र होती. गुरांना चारा मिळे, शेताला शेण मिळे आणि थंडीच्या दिवसांत येणारे धोबी, चिखल्या आणि तुतवार यांसारखे पक्षी त्याच आखूड खुंटांच्या ओलसर शेतांत उतरत.

आता गुरे पाळणारी घरे कमी झाली आहेत. जी दुभती जनावरे आहेत, त्यांत संकरित गाईंचे प्रमाण मोठे असून त्या गोठ्यातच बांधून पोसल्या जातात. बांध फुटलेल्या खाजनात खारफुटी शिरते, तर खेर आणि मोरड शेतांत तण आणि झुडपे माजतात. खारफुटीचेही स्वतःचे मोल आहे. मात्र मोकळ्या भातशेतावर जगणाऱ्या पक्ष्यांचा अधिवास त्या प्रमाणात आटतो. माणसाचा वापर आणि वन्यजीव एकाच जागी नांदू शकतात, याचे उदाहरण गोव्यातच आहे. २०२२ मध्ये रामसर यादीत आलेले कुडचडे येथील नंदा तळे हे राज्यातील पहिले रामसर स्थळ. पाणी अडवणे, सोडणे आणि शेती करणे या स्थानिकांच्या व्यवहारातूनच ते टिकून राहिले आहे.

जांभ्या दगडाचे सडे हा दुसरा महत्त्वाचा अधिवास. पातळ, निकस मातीवर पावसाळ्यात सीतेची आसवे, गेंद आणि तेरडा यांची फुले बहरतात. महसुली भाषेत अशा जागांना पडीक म्हटले गेल्याने औद्योगिक वसाहती आणि बांधकामांसाठी त्या सर्वप्रथम निवडल्या जातात. वेर्ण्याचे पठार हे त्याचे ठळक उदाहरण होय. गुरे चरत असलेला सडा हा वापरात असलेला सडा असतो. तेथे गावाची ये-जा असते, वाळलेले गवत कमी राहते आणि उन्हाळ्यातील वणव्यांना आयते जळण मिळत नाही. गुरे जाणे थांबले की सड्याशी गावाचे नाते तुटते आणि त्याच्यासाठी बोलणारेही उरत नाहीत.

या कामासाठी स्थानिक जनावर अधिक उपयोगी ठरते. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने गोव्याच्या श्वेतकपिला गाईची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. पांढऱ्या रंगाची, आटोपशीर बांध्याची ही गाय येथील दमट हवामानाला आणि साध्या चाऱ्याला सरावलेली आहे. ती संकरित गाईपेक्षा दूध कमी देते. परंतु उताराच्या जमिनीवर हिंडून आपले पोट भरते.

चराई कोठे नको?

संवर्धनात्मक चराई हा सर्व ठिकाणी लागू पडणारा उपाय नाही. घनदाट सदाहरित जंगलात गुरांनी कोवळी रोपटी खाल्ली की जंगलाचे पुनरुज्जीवन थांबते. गवा, सांबर यांसारख्या प्राण्यांचा चारा कमी होतो आणि लाळ्या-खुरकुतासारखे रोग त्यांच्यापर्यंत पोचू शकतात. जंगलात चरणारे गुरू वाघ-बिबट्यांचे भक्ष्य ठरले की माणूस आणि वन्यप्राणी यांच्यातील संघर्ष वाढतो.

सत्तरी तालुक्याला माकडतापाचा कटू अनुभव आहे. हा रोग गोचिडींमार्फत पसरतो आणि जंगलात चरून घरी परतणारी गुरे त्या गोचिडींना पोसतात. त्यामुळे जंगलातील चराई आणि शेतशिवारातील चराई यांत स्पष्ट भेद करणे आवश्यक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही असा भेद केलेला आहे. मोलें राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येत नाहीत, तर अभयारण्यांत चराईचे नियमन करण्याचा अधिकार वनखात्याला आहे.

औषधांची खबरदारी

गुरांना दिलेली औषधे कुरणापर्यंत पोचतात, याकडे सहसा दुर्लक्ष होते. जंतांवर दिल्या जाणाऱ्या आयव्हरमेक्टिनचा अंश शेणातून बाहेर पडतो आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतो. असे शेण बराच काळ न कुजता पडून राहते. सरसकट सर्व जनावरांना औषध देण्याऐवजी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने गरज असलेल्या जनावरालाच ते देणे, आणि औषध दिलेली जनावरे काही दिवस गोठ्यात ठेवणे, हा सोपा मार्ग आहे.

गिधाडांचा ऱ्हास हे याहून गंभीर उदाहरण. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या मृत गुरांचे मांस खाऊन भारतातील गिधाडांच्या काही जाती ९५ टक्क्यांहून अधिक घटल्या. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. २०२३ मध्ये अॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन यांचाही पशुवैद्यकीय वापर थांबवण्यात आला. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांसाठी सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे.

नियोजन कसे असावे?

पहिला प्रश्न उद्दिष्टाचा. त्या जागेवर कोणती फुले किंवा कोणते पक्षी टिकवायचे आहेत, हे ठरल्याशिवाय गुरांची संख्या ठरवता येत नाही. दुसरा प्रश्न हंगामाचा. सड्यावर फुले येण्याच्या आणि बी धरण्याच्या काळात गुरे कमी ठेवून नंतर वाळते गवत खाण्यासाठी ती सोडणे, हे बरेनच्या रीतीशी जुळणारे आहे. पावसात भिजलेली पातळ माती खुरांनी लवकर तुडवली जाते, हेही ध्यानात ठेवावे लागते. टिटवीसारखे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी असतील, तर विणीच्या काळात तो तुकडा मोकळा ठेवावा. तिसरा प्रश्न विश्रांतीचा. शिवाराचे तीन-चार भाग करून गुरे आळीपाळीने फिरवली, तर प्रत्येक भागाला सावरायला अवधी मिळतो. पाण्याची कुंडी आणि मिठाची चाटण एकाच जागी कायम ठेवल्यास तेवढीच जमीन खराब होते. ती अधूनमधून हलवावी.

सर्वांत कठीण प्रश्न माणसाचा आहे. गुरे मोकाट सोडणे म्हणजे चराई नव्हे. मोकाट गुरे शेजाऱ्याचे वायंगण भात खातात आणि रात्री महामार्गावर बसतात, त्यात जनावरे आणि वाहनचालक दोघेही प्राणास मुकतात. चराईसाठी राखणारा माणूस लागतो. पूर्वी गावात राखणीची पाळी घराघरांत फिरत असे. आज ते काम करणाऱ्याला वेतन मिळाल्याशिवाय कोणी पुढे येणार नाही. कोमुनिदादी, पंचायती आणि शेतकऱ्यांच्या संस्था यांनी एकत्र येऊन राखणदाराचे वेतन, पाण्याची सोय आणि जनावरांचा विमा यांची व्यवस्था केली, तर एका गावापुरता प्रयोग सहज उभा राहू शकतो. बरेनची सुरुवातही २० शेतांपासूनच झाली होती. चराईपूर्वी आणि नंतर त्या जागेवरील फुले व पक्षी मोजून नोंद ठेवली, तर दोन-तीन वर्षांत लाभ-हानी स्पष्ट होते आणि पुढचा निर्णय आकड्यांवर घेता येतो.